वाचकांचे प्रश्न : उच्च तापमानाच्या अतिसंवाहकांत जोडी बांधते कोण?

तांबे-ऑक्साइडच्या अतिसंवाहकांबद्दल, म्हणजे ठरावीक तापमानाखाली (त्याला टीसी म्हणतात) विजेचा रोध शून्य होणाऱ्या पदार्थांबद्दल, आलेल्या पत्रांतून आठ प्रश्न निवडले आहेत. बहुतेकांचा रोख एकच आहे. अणूंच्या जाळीची, म्हणजे जालकाची, कंपने (फोनॉन) आणि इलेक्ट्रॉन यांचे नाते या पदार्थांत किती घट्ट आहे, आणि त्या नात्यातूनच रोधाशिवाय वाहणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या जमतात का?

प्रश्न : मुलांना शिकवताना मी गादीचे उदाहरण देते. एक जण बसला की खड्डा पडतो आणि दुसरा त्यात घरंगळतो. इलेक्ट्रॉनची जोडी अशीच बनते का? तांबे-ऑक्साइडमध्येही तेच घडते का? (विज्ञान शिक्षिका, सातारा)

गादीच्या चित्रात वेळ हरवतो, आणि सगळी मेख वेळेतच आहे. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात. ते एकाच वेळी एकाच खड्ड्यात बसूच शकत नाहीत. त्यापेक्षा ओल्या रस्त्यावरची चाकोरी दाखवा. पहिली बैलगाडी पुढे निघून गेलेली असते, चाकोरी मागे उरते आणि दुसऱ्या गाडीचे चाक आपोआप तिच्यात पडते.

ॲल्युमिनियमचे आकडे घ्या. इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे २० लाख मीटर असतो आणि आयनाचे एक आंदोलन पुरे व्हायला १०० फेम्टोसेकंदांच्या (एक फेम्टोसेकंद म्हणजे १०⁻¹⁵ सेकंद) आसपास वेळ लागतो. तेवढ्यात इलेक्ट्रॉन २०० नॅनोमीटर, म्हणजे जालकाची जवळजवळ पाचशे घरे पुढे गेलेला असतो. मागे सरकलेले धन आयन अजून जागेवर परतलेले नसतात, त्यामुळे दुसरा इलेक्ट्रॉन तिकडे ओढला जातो. पहिल्याशी त्याची गाठ न पडताच जोडी जमते. तिचा विस्तार १६०० नॅनोमीटरच्या घरात असतो.

तांबे-ऑक्साइडमध्ये हा हिशेब बिघडतो. इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला अडीच लाख मीटरच्या आसपास असतो. ऑक्सिजनचे ७० मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट (मिली-ईव्ही) ऊर्जेचे कंपन ६० फेम्टोसेकंदांत एक फेरी पुरी करते. म्हणजे तेवढ्या वेळात इलेक्ट्रॉन १५ नॅनोमीटर जातो. जोडीचा विस्तार मात्र प्रतलात, म्हणजे तांबे-ऑक्सिजनच्या थरात, जेमतेम दीड नॅनोमीटर आहे. एकमेकांना चुकवण्याइतका अवधी दोघांना मिळत नाही, शिवाय तांब्याच्या अणूवर दोन इलेक्ट्रॉनमधले अपकर्षण फार मोठे असते. चाकोरी पडते हे खरे, पण तेवढ्याने जोडी टिकेल असे म्हणता येत नाही.

प्रश्न : वायबीसीओमध्ये (इट्रियम-बेरियम-तांबे-ऑक्साइड) ऑक्सिजन-१६ च्या जागी ऑक्सिजन-१८ घातला तरी टीसी जवळजवळ बदलत नाही असे वाचले. मग फोनॉनचा संबंध नाही असे सरळ का म्हणत नाहीत? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

आधी अपेक्षा मांडू. १९५० मध्ये पाऱ्याच्या समस्थानिकांवर केलेल्या मोजणीत टीसी हा वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात आढळला, म्हणजे अल्फा हा घातांक ०.५. फोनॉनच जोडी बांधतात हे त्यावरून उमगले आणि अतिसंवाहकतेच्या १९५७ च्या बीसीएस सिद्धांताला तोच आधार मिळाला. तोच नियम वायबीसीओला लावला आणि सारा भार ऑक्सिजनवर टाकला, तर ९२ केल्विनचा टीसी ८६.७ वर यायला हवा. पाच केल्विनहून जास्त घट साध्या उपकरणावरही दिसते. प्रत्यक्षात इष्टतम (टीसी सर्वाधिक करणारा) ऑक्सिजन असलेल्या नमुन्यात अल्फा ०.०२ ते ०.०५ एवढाच येतो. अल्फा ०.०३ धरला तर घट ०.३ केल्विन.

पण यातून ‘संबंध नाही’ हा निष्कर्ष निघत नाही. कारणे तीन आहेत, आणि तिसरे सर्वांत वजनदार आहे.

पहिले, फोनॉननेच चालणाऱ्या धातूंतही अल्फा नेहमी ०.५ नसतो. रुथेनियम आणि झिर्कोनियममध्ये तो शून्याजवळ आहे. पॅलेडियम हायड्राइडमध्ये तर उलटी गंगा वाहते: हायड्रोजन असताना टीसी सुमारे ९ केल्विन, आणि दुप्पट जड ड्युटेरियम घातल्यावर सुमारे ११.

दुसरे, टीसी हलला नाही तरी दुसऱ्या राशी हलतात. चुंबकीय क्षेत्र नमुन्यात किती खोल शिरते ती खोली समस्थानिक बदलल्यावर बदलते, आणि हे इष्टतम नमुन्यातही घडते.

तिसरे, ऑक्सिजन कमी करत गेलात की अल्फा वाढत जातो आणि टीसी खूप खाली आलेल्या नमुन्यांत ०.५ च्याही पुढे जातो. एकाच पदार्थकुटुंबात हा आकडा शून्यापासून अर्ध्यापलीकडे फिरत असेल, तर जालक नुसते प्रेक्षक नाही हे मान्य करावे लागते. मात्र या वाढीचा अर्थ ‘इथे जोडी फोनॉनने बांधली’ असाही होत नाही. त्या भागात विद्युतभाराची पट्टेदार रचना आणि अतिसंवाहकता एकमेकींशी झगडत असतात. तो झगडा जालकाच्या कलाने झुकतो आणि टीसी त्याबरोबर सरकतो. अल्फा या एका आकड्यावरून निवाडा करू नका.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत भट्टी, निर्वात पंप आणि रामन वर्णपटमापक आहे. ऑक्सिजन-१८ चा विनिमय आम्हाला जमेल का? कुठे चुका होतात? (संशोधक विद्यार्थी, कोल्हापूर)

जमेल. ऑक्सिजन-१८ महाग आहे, म्हणून आधी हिशेब आणि मग बाटली उघडायची.

नमुना एकाच घाण्यातला हवा. ०.०१ मोल वायबीसीओसाठी इट्रियम ऑक्साइड १.१२९ ग्रॅम, बेरियम कार्बोनेट ३.९४७ ग्रॅम, क्युप्रिक ऑक्साइड २.३८६ ग्रॅम. बेरियम कार्बोनेट विषारी आहे, म्हणून हातमोजे आणि मास्क लावून खलणे. ९०० ते ९३० अंश सेल्सिअसला दोन-तीनदा भाजून प्रत्येक वेळी पुन्हा खला, गोळी दाबा, ९४० च्या आसपास सिंटर करा. हजार अंशांच्या वर गेलात तर पदार्थ फुटून हिरवी अवस्था वेगळी पडते. गोळी तयार झाली की तिचे दोन तुकडे करा. एक ऑक्सिजन-१६ साठी, दुसरा १८ साठी. वेगवेगळ्या घाण्यांतल्या दोन गोळ्यांची तुलना करणे ही या प्रयोगातली सर्वांत महागडी चूक आहे.

आता वायूचा हिशेब. एक ग्रॅम वायबीसीओ म्हणजे १.५ मिलीमोल आणि त्यात ऑक्सिजनचे १०.५ मिलीमोल अणू. २०० मिलीलिटरच्या बंद जागेत एक बार दाबाने वायू भरला तर त्यात सुमारे १६ मिलीमोल अणू मावतात. समतोल आल्यावर नमुन्यात जुना ऑक्सिजन १०.५ भागिले २६.५, म्हणजे ४० टक्के उरतो. वायू काढून ताजा भरला की १६ टक्के, तिसऱ्यांदा ६ टक्के. तेव्हा तीन भरणा धरून चाला. एकाच भरण्यात भागवून ‘९० टक्के विनिमय’ असे लिहिणारे हा भागाकार करत नाहीत.

दोन्ही तुकडे दोन क्वार्ट्झ नळ्यांत, एकाच भट्टीत शेजारी शेजारी ठेवा. ७०० अंशांना २४ ते ४८ तास, मग अगदी हळू ४०० पर्यंत आणून तिथे पुन्हा बारा तास. शेवटच्या टप्प्यात नमुना ऑक्सिजन शोषून भरतो. तो टाळला तर टीसी ६० केल्विनच्या पायरीवर अडकतो. नळी सबंध भट्टीत घालू नका. एक बारने भरलेली नळी पूर्णपणे ७०० अंशांना तापली तर आतला दाब तीन बारच्या पुढे जातो आणि सांधा फुटू शकतो. तापवायचे फक्त टोक, बाकीचा साठा थंड. क्वार्ट्झला बेरियम खातो, म्हणून नमुना सोन्याच्या किंवा प्लॅटिनमच्या होडीत ठेवा, नाहीतर त्याच पदार्थाच्या भुकटीच्या थरावर.

विनिमय झाला का ते तीन वाटांनी तपासा. वजन: सातही ऑक्सिजन बदलले तर एका ग्रॅमला २१ मिलीग्रॅम वाढ व्हायला हवी, म्हणून ०.१ मिलीग्रॅमचा तराजू पुरतो. रामन: शिखरस्थ (प्रतलातल्या तांब्याच्या डोक्यावर बसलेल्या) ऑक्सिजनची ५०० सेमी⁻¹ ची रेषा पूर्ण विनिमयात ४७० च्या जवळ यायला हवी. अर्ध्यात थांबली तर विनिमयही अर्धवट. तिसरी वाट म्हणजे उलटा विनिमय, आणि ती कधीही वगळू नका. वायू अदलाबदल करून दोन्ही तुकडे पुन्हा भट्टीत घाला. १६ वाल्याचा टीसी खाली गेला आणि १८ वाल्याचा वर आला, तरच तुम्ही वस्तुमानाचा परिणाम मोजला. नाहीतर मोजला तो ऑक्सिजनच्या प्रमाणातला फरक. आपला अपेक्षित परिणाम ०.३ केल्विनचा आहे, आणि इष्टतम बिंदूपासून दूर, चढाच्या भागात ऑक्सिजन किंचित कमी-जास्त झाला तरी टीसी त्याहून अधिक सरकतो.

टीसी मोजताना रोधापेक्षा चुंबकन बरे. एक मिलीटेस्लाचे क्षेत्र, दोन्ही तुकडे एकाच थंडावणीत, आणि वक्राच्या सरळ उताराला रेषा लावून ती शून्याला कुठे छेदते ते वाचा.

हात बसला की पुढची पायरी करून बघा. तापमान ३५० ते ४०० अंशांवर ठेवले तर तांबे-ऑक्सिजनच्या साखळीतला आणि शिखरस्थ ऑक्सिजन आधी बदलतो, प्रतलातला जागीच राहतो. झ्युरिखच्या गटाने १९९४ मध्ये असाच जागानिहाय विनिमय केला आणि टीसीच्या सरकण्यात मोठा वाटा प्रतलातल्या ऑक्सिजनचा असल्याचे दाखवले. या विषयातला इतका स्वच्छ प्रयोग क्वचित सापडतो.

प्रश्न : प्रकाश-उत्सर्जनाच्या मोजणीत ७० मिली-ईव्हीला ‘किंक’ दिसतो. तो फोनॉनचा की चुंबकीय? (पीएच.डी. विद्यार्थी, पुणे)

किंक म्हणजे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जा-संवेग रेषेला आलेले कोपर. फर्मी पातळीपासून (इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या ऊर्जांच्या वरच्या सीमेपासून) ७० मिली-ईव्हीच्या आत इलेक्ट्रॉन संथ चालतो, त्यापलीकडे झपाट्याने. त्या ऊर्जेचे काहीतरी त्याला खेचत असते. २००१ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने अनेक तांबे-ऑक्साइडांत हे कोपर जवळजवळ एकाच ऊर्जेला दाखवले आणि प्रतलातल्या तांबे-ऑक्सिजन बंधाच्या ताणकंपनाकडे बोट केले.

चुंबकीय बाजूचा उमेदवार म्हणजे वायबीसीओत न्यूट्रॉन विकिरणातून १९९१ पासून माहीत असलेला ४१ मिली-ईव्हीचा अनुनाद. पण इष्टतम नमुन्यात तो टीसीच्या खालीच ठळक होतो, आणि कोपर टीसीच्या वरही असते. ऑक्सिजन-१८ घातल्यावर कोपर ७० वरून चार मिली-ईव्हीच्या आसपास खाली यायला हवे. २००८ मध्ये बिस्मथ कुटुंबातल्या स्फटिकावर साधारण तेवढेच सरकणे मोजले गेले. त्यामुळे फर्मी पृष्ठाच्या कर्णदिशेचे हे कोपर मुख्यतः फोनॉनचे, असे आमचे मत आहे.

पुढे एक सापळा आहे. कोपराच्या दोन बाजूंच्या वेगांचे गुणोत्तर काढून ‘लॅम्डा = १’ (लॅम्डा म्हणजे इलेक्ट्रॉन-फोनॉन नात्याचे बळ) असे लिहायचे आणि तो आकडा टीसीच्या सूत्रात घालायचा, ही चूक छापील निबंधांतही सापडते. त्या गुणोत्तरात इलेक्ट्रॉन-इलेक्ट्रॉन ढकलाढकलही मिसळलेली असते. शिवाय मूळ रेषा सरळ धरली की लॅम्डा फुगतो. आणि ही मोजणी कर्णदिशेची आहे, जिथे अतिसंवाहक अंतरालच (जोडी तोडायला लागणारी ऊर्जा) शून्य असते. जोडीचे बळ मोजायचे असेल तर तांबे-ऑक्सिजन बंधांच्या दिशेला बघावे लागते, आणि तिथे वेगळेच, ४० मिली-ईव्हीच्या आसपासचे कंपन पुढे येते.

प्रश्न : जोडी डी-तरंग आहे हे सिद्ध झाले म्हणजे फोनॉन बाद झाले ना? (प्राध्यापक, नागपूर)

डी-तरंग, म्हणजे दिशेनुसार चिन्ह बदलणारी जोडी, निर्विवाद आहे. आयबीएमच्या यॉर्कटाउन हाइट्स प्रयोगशाळेत १९९४ मध्ये तीन वेगवेगळ्या दिशांचे स्फटिक जोडलेल्या पायावर वायबीसीओचे कडे बनवले आणि त्यात चुंबकीय स्रोताचा (फ्लक्सचा) बरोबर अर्धा पुंज (क्वांटम) अडकलेला सापडला. तरंगाचे चिन्ह उलटल्याशिवाय अर्धा पुंज येत नाही.

पण ‘फोनॉन बाद’ हा निकाल घाईचा आहे. चार पाकळ्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणा: दोन समोरासमोरच्या पाकळ्या अधिक, दोन उणे. आकर्षण इलेक्ट्रॉनला एकाच चिन्हाच्या पाकळीत इकडून तिकडे नेत असेल तर ते डी-तरंगाला पोसते. अधिकमधून उणेमध्ये नेत असेल तर मारते. तेव्हा विचारायचे ते हे: कोणते कंपन, आणि ते किती संवेग देते?

प्रतलातला ऑक्सिजन तांब्याच्या पातळीच्या वर-खाली होतो ते ३४० सेमी⁻¹ चे, म्हणजे ४२ मिली-ईव्हीचे कंपन मुख्यतः लहान संवेगाचे विकिरण घडवते. ते डी-तरंगाला साथ देते. वायबीसीओत ही रामन रेषा टीसीच्या खाली मऊ पडते आणि तिचा आकार लंगडा, म्हणजे दोन बाजूंना असमान, असतो, म्हणजे इलेक्ट्रॉनशी तिचे नाते घट्ट आहे. बंध ताणणारे ७० मिली-ईव्हीचे कंपन मोठा संवेग देते, वेगळ्या चिन्हाच्या पाकळ्या जोडते आणि डी-तरंगाच्या मुळावर येते. नाते बळकट असूनही ते विरोधात काम करते! अनेकांची गल्लत इथेच होते. इलेक्ट्रॉनच्या स्पिनच्या, म्हणजे चुंबकीय, चढउतारातून येणारे अपकर्षण मोठ्या संवेगाला असते आणि पाकळ्यांचे चिन्ह उलटे असल्याने तेच उपकारक ठरते. मुख्य दोर त्या बाजूने आहे आणि वर-खाली हलणारा ऑक्सिजन त्याला हातभार लावतो, हे चित्र आम्हाला सर्वांत पटते.

प्रश्न : केवळ फोनॉनच्या जोरावर टीसी किती वर जाऊ शकतो? (मराठी वाचक, म्युनिक)

टीसी काढण्याच्या मॅकमिलनच्या सूत्रात, नंतरच्या सुधारणेसह, आकडे घालून बघा. कंपनांची सरासरी ४०० केल्विन आणि अपकर्षणाचा अंक ०.१ धरा. लॅम्डा ०.३ असेल तर टीसी ०.२ केल्विन, १ असेल तर २८, २ असेल तर ५७. वायबीसीओसाठी नेहमीच्या संगणकी गणितातून लॅम्डा ०.३ च्या आसपास निघतो. ०.२ आणि ९२ मधली दरी एवढी मोठी आहे.

आता लॅम्डा २ च ठेवा आणि कंपने १३०० केल्विनपर्यंत न्या. टीसी १८७ येतो. हायड्रोजन हलका असल्याने त्याची कंपने एवढी वेगवान असतात. तुमच्याच देशात, माइन्झच्या माक्स प्लांक संस्थेत २०१५ मध्ये हायड्रोजन सल्फाइड सुमारे १५५ गिगापास्कल दाबाखाली २०३ केल्विनला अतिसंवाहक झाले. ड्युटेरियम घातल्यावर टीसी १५० च्या आसपास आला, म्हणजे अल्फा ०.४ च्या वर. फोनॉनची इतकी स्पष्ट सही तांबे-ऑक्साइडवर कधीच मिळालेली नाही. साध्या दाबाखाली मॅग्नेशियम डायबोराइड ३९ केल्विनवर आहे, आणि बोरॉन-११ च्या जागी बोरॉन-१० घातला की सुमारे एक केल्विन वर चढते.

गंमत अशी की १९८६ मध्ये तांबे-ऑक्साइडच्या अतिसंवाहकांचे शोधकर्ते बेडनॉर्झ आणि म्युलर लँथॅनम-बेरियम-तांबे-ऑक्साइडकडे वळले ते यान-टेलर परिणामाच्या मागे, म्हणजे इलेक्ट्रॉन आणि जालकाचे बळकट नाते शोधत.

प्रश्न : या विषयात मुंबईत काही काम झाले आहे का? (वाचक, डोंबिवली)

हो, आणि तेही मुळावर बोट ठेवणारे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९९४ मध्ये इट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बन यांच्या संयुगात १२ केल्विनच्या आसपास अतिसंवाहकता सापडली आणि बोरोकार्बाइडांचे कुटुंबच खुले झाले. तिथेच २०१६ मध्ये शुद्ध बिस्मथचा स्फटिक साध्या दाबाला ०.५३ मिलीकेल्विनखाली अतिसंवाहक झाल्याचे दिसले. बिस्मथमध्ये लाखभर अणूंमागे एखादाच वाहक असतो, त्यामुळे इलेक्ट्रॉनची फर्मी ऊर्जा आणि फोनॉनची ऊर्जा एकाच मापाच्या होतात. इलेक्ट्रॉन वेगवान आणि जालक संथ, हे नेहमीच्या सिद्धांताचे गृहीतकच तिथे कोसळते. म्हणून तो अर्ध्या मिलीकेल्विनचा आकडा सिद्धांतवाल्यांना ९२ केल्विनइतकाच छळतो.

प्रश्न : आमच्या वायबीसीओ गोळीचा टीसी चार-टोकी मोजणीत ९७ केल्विन आला. जालकात काही वेगळे घडले असेल का? (बी.एस्सी. प्रकल्प गट, पुणे)

आधी तापमापक तपासा. चांगल्या वायबीसीओचा टीसी ९२-९३ असतो. थंड करताना आणि तापवताना वेगळे वक्र येत असतील तर नमुना आणि तापमापक यांच्या तापमानांत अंतर पडते आहे. दोघांना एकाच तांब्याच्या ठोकळ्यावर ग्रीस लावून बसवा आणि वेग मिनिटाला अर्ध्या केल्विनवर आणा. मग द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून वाचन घ्या. समुद्रसपाटीला ७७.३ केल्विन यायला हवे, पुण्याच्या उंचीवर सुमारे अर्धा केल्विन कमी. नायट्रोजन उघड्या भांड्यात बराच वेळ ठेवलेला असेल तर त्यात हवेतला ऑक्सिजन विरघळून उत्कलनबिंदू वर जातो, म्हणून ताजा घ्या.

विद्युतधारा १० मिलीअँपियरच्या पुढे नेऊ नका, कारण चांदीच्या लेपाचे सांधे तापतात. प्रत्येक बिंदूला धारा उलटी करून दोन वाचनांच्या फरकाचा अर्धा भाग घ्या, म्हणजे तारांच्या जोडांवरचा तापविद्युत दाब वजा होतो. हे सगळे केल्यावर ९७ चे ९२ होतील. झाले नाहीत तर तोच तुकडा दुसऱ्या प्रयोगशाळेत चुंबकनासाठी पाठवा.